वाट पाहण्याच्या काळात विश्वास धरून राहायचं, म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

रेल्वेलाइन्सकर
सर्वांना जय ख्रिस्त. सोलापूर आणि आसपासच्या मंडळ्यांमधल्या (चर्चमधल्या) जाणत्या लोकांनी लिहावं म्हणून हा धागा काढतोय. विषय एकच, वाट पाहणं. बायोप्सीचा रिपोर्ट, एमपीएससीचा निकाल, मुलीचं लग्न जमणं, आखातातल्या नोकरीचा व्हिसा, कोर्टाची तारीख, मूल होणं. आपल्याकडून होण्यासारखं सगळं करून झालेलं असतं, आणि उत्तर दुसऱ्याच्या हातात असतं.

अशा माणसाला मंडळीत बहुतेक वेळा "विश्वास ठेवा" एवढंच ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याची कळकळ खरी असते, पण सकाळी उठून काय करायचं ते त्यातून कळत नाही. म्हणून इथं करता येईल असंच लिहा. कोणता अध्याय, किती वेळ, कोणाबरोबर, कुठं चुकतं आणि का. साक्षींसाठी, म्हणजे स्वतःच्या अनुभवांसाठी, वेगळे धागे आहेत, त्या तिकडे लिहाव्यात ही विनंती.

सुरुवातीला एक गोष्ट. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं "चिंता करू नका" हे वचन आपण भिंतीवर लावतो. ते लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा स्वतः बंदिवान होता आणि जगणार की मरणार याचा निवाडा व्हायचा होता. पहिल्या अध्यायात तो दोन्ही शक्यता उघडपणे लिहितो. सहावं वचन नीट वाचलं तर त्यात तीन कामं दिसतात: प्रार्थना, विनंती आणि आभार. विनंती म्हणजे नेमकी मागणी. "प्रभू सगळं चांगलं कर" ही नेमकी मागणी नव्हे. "गुरुवारी रिपोर्ट येणार आहे, तो ऐकताना आईला धीर दे" ही आहे. आणि सातव्या वचनात मिळते ती शांती. मागितलेली वस्तू मिळेलच असं तिथं लिहिलेलं नाही. हा फरक सुरुवातीलाच कळला तर पुढचा गोंधळ पुष्कळ वाचतो.

स्तोत्रवाचक
धागा फार गरजेचा आहे. मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेबद्दल लिहितो.

१५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. आपल्या उपासनेत मात्र २३, ९१, १०० आणि १२१ यांच्या पलीकडे फारसं जाणं होत नाही. त्यामुळे रडणाऱ्याला वाटतं, आपल्या तोंडी येतंय ते देवासमोर बोलायचं नसतं. प्रत्यक्षात पवित्र शास्त्रानं (बायबलनं) त्यासाठी शब्द देऊन ठेवलेत.

सुरुवात १३व्या स्तोत्रापासून करा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कोठवर" असा सवाल आहे. तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे, पाचव्या-सहाव्यात भरवसा. वहीचं एक पान घ्या आणि त्याचे तीन भाग करा. वरच्या भागात आपले "कोठवर" लिहा, पण मोघम नको. "कोठवर हा त्रास" असं न लिहिता "कोठवर दर सोमवारी ऑफिसात फोन करून 'अजून फाइल आली नाही' हेच ऐकायचं" असं लिहा. मधल्या भागात मागणी, एक किंवा दोन. खालच्या भागात देवानं पूर्वी केलेली एक गोष्ट, शास्त्रातली किंवा घरातली. एवढं झालं की तेच पान देवाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. घरात माणसं असतील तर गच्चीवर जा, पण आवाज काढा. मनातल्या मनात वाचलं की मन पाचव्या वचनावर उडी मारतं.

चुकतं ते इथंच. लोक पहिले चार श्लोक घाईत उरकतात आणि "मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे" इथं पोचतात. वरचं दुःख बोललंच गेलेलं नसतं, म्हणून खालचा भरवसा पोकळ लागतो आणि दोन दिवसांत वही बंद होते. खालचा भाग एखाद्या दिवशी रिकामा राहिला तर राहू द्या. ८८वं स्तोत्र अंधारावरच संपतं, त्यात शेवटी भरवशाची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मात्र त्याची सुरुवात "माझ्या उद्धारक देवा" अशा हाकेनं होते, हेही लक्षात ठेवा. गाऱ्हाणं देवाकडेच केलेलं आहे.

जुळे_सोलापूर
स्तोत्रवाचक सर, रोज किती वेळ? आणि दिवसाचं ठीक आहे ओ, पण रात्री तीनला जाग येते तेव्हा काय करायचं? त्या वेळी वही घेऊन बसणं होत नाही.

स्तोत्रवाचक
पंधरा मिनिटं पुरे. तासभराचा संकल्प आठवड्यातच मोडतो, आणि मोडला की अपराधीपणाची भर पडते. वेळ ठरलेली हवी. शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, त्या दिवशी सगळं घर पाण्यामागे असतं. म्हणून "पाणी भरून झाल्यावर" अशी वेळ धरू नका, तो दिवस हमखास बुडतो. चहाच्या आधी किंवा दिवा मालवायच्या आधी, असं रोज होणाऱ्या कामाला जोडा.

ज्यांना क्रम हवा त्यांच्यासाठी अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकातली जुनी पद्धत सोपी आहे. १५० स्तोत्रांचे ६० भाग, महिन्याचे ३० दिवस, सकाळ-संध्याकाळ एकेक भाग. पहिल्या तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. दोन तारखेला संध्याकाळी १२ ते १४, म्हणजे तेरावं तेव्हा येतं. ८८वं १७ तारखेला सकाळी. याचा मोठा फायदा असा की त्या दिवशीच्या मूडप्रमाणे स्तोत्र निवडायची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही. आनंदाच्या दिवशी गाऱ्हाणं येतं, ते दुसऱ्या कोणासाठी वाचायचं. रडण्याच्या दिवशी स्तुती येते, ती मंडळीच्या वतीनं वाचायची. एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका, आजच्या तारखेचं वाचा.

रात्री तीनसाठी १३०वं पाठ करा. आठ वचनं आहेत, रोज एक म्हटलं तर आठ दिवसांत तोंडपाठ होतं. पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी त्यात एकाच वचनात दोनदा आलेत. रात्रीच्या जुन्या प्रार्थनांमध्ये ४, ९१ आणि १३४ ही स्तोत्रं असतात, तीही त्या वेळेला बरी. फोनवर शास्त्र उघडू नका. ॲप उघडेपर्यंत चार नोटिफिकेशन दिसतात आणि त्यातलं एखादं नेमकं तुम्ही ज्याची वाट पाहताय त्याबद्दलचं असतं. छापील पुस्तक उशाशी ठेवा.

पूर्वभाग_ताई
आमच्या भागातल्या बायकांसाठी लिहिते. ज्यांना पंधरा मिनिटंही बसायला मिळत नाहीत त्यांच्यासाठी.

विड्या वळताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. एक वचन जाड अक्षरात कागदावर लिहून मांडीवरच्या सुपाच्या कडेला, तंबाखू पडणार नाही अशा बाजूला टोचून ठेवायचं. एक वचन आठवडाभर, रोज नवीन नको. एक कट्टा बांधून झाला की एकदा म्हणायचं. आठवड्याच्या शेवटी ते कागदाशिवाय येतं. वाचता न येणाऱ्या सासूबाई असतील तर त्यांनाही ऐकून पाठ होतं. घरात तेलुगू बोलणारे असतील तर त्यांना तेलुगूतच म्हणू द्या. घाबरलेल्या माणसाला बालपणीच्या भाषेतलं वचन लवकर लागू पडतं.

लूमवर (यंत्रमागावर) काम करणाऱ्यांना तेही जमत नाही, खटखटीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. त्यांनी श्वासाची प्रार्थना करावी. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांमध्ये ती शेकडो वर्षं चालत आली आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." श्वास आत घेताना पहिला अर्धा भाग, सोडताना दुसरा. ओठ हलले नाहीत तरी चालतं. मोजणी करू नये. किती वेळा झालं याकडे लक्ष गेलं की प्रार्थनेकडचं सुटतं.

आणखी एक. गाणं. 'उपासना संगीत' या भजनपुस्तकातली ना. वा. टिळकांची भजनं (टिळक १८६१ ते १९१९) आपल्या आयाबायांना पाठ असतात. चिंतेत असलेल्या माणसाकडून प्रार्थनेला शब्द निघत नाहीत, पण कोणी पहिली ओळ धरली तर तो पुढची म्हणतो. घरगुती प्रार्थनेला गेलात तर आधी गाणं घ्या, मग वचन. उलट केलं की पाहुणे बोलत राहतात आणि घरातली माणसं गप्प बसतात.

दवाखाना_ड्यूटी
नर्सिंगच्या बाजूनं काही मुद्दे. हे विश्वासाच्या विरोधात समजू नका.

पूर्वभाग ताईंनी श्वासाचं लिहिलं ते शरीरालाही लागू पडतं. फक्त सोडायचा श्वास घेण्यापेक्षा लांब ठेवा, घेताना मनात चार, सोडताना सहा. लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके मंदावतात. घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानंच बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग "आता काहीतरी होतंय" म्हणून भीती आणखी वाढते. पाच मिनिटं सावकाश श्वास घेतल्यावर मुंग्या गेल्या तर कारण बहुधा हेच होतं. पण छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर प्रार्थना करत करत थेट दवाखाना गाठा, घरी थांबू नका.

रिपोर्टची वाट पाहणाऱ्यांनी नमुना देतानाच तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. रिपोर्ट कोणत्या तारखेला, फोन लॅब करणार की आपण करायचा, आणि कोणत्या वेळी. बायोप्सीला काही दिवस लागतातच. ऊतकावर प्रक्रिया करून, मेणात बसवून, पातळ काप काढून, रंगवून मग तपासतात. पुढची विशेष तपासणी लागली तर आणखी दिवस जातात. उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं, असा अर्थ काढू नका. तारीख माहीत असली की त्याआधीचे दिवस फोनकडे बघण्यात जात नाहीत.

उपवास करून प्रार्थना करायची असेल तर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता करू नये, साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा निर्जळी उपवास कोणीच करू नये. एक वेळचं जेवण सोडून पाणी, ताक चालू ठेवा, किंवा त्या दिवसापुरता मोबाइल सोडा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. दोन आठवडे झोप आणि भूक गेलेली आहे, कामं सुटलीत, जगू नये असं वाटतंय, तर हे मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं लक्षण आहे. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर "आता विश्वासानं बरा झालो" म्हणून एकदम बंद करू नका. चिंता आणि नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि अचानक सोडल्यावर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. ती बेचैनी सैतानाचा हल्ला समजून घरात मोठा गोंधळ उडतो.

१ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया मरण मागतो. देवदूत त्याला बोध करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर, होरेब डोंगरावर.

आशा_नवी
यिर्मया २९:११ रोज सात वेळा म्हणा. तुमच्या भविष्याची योजना देवानं आधीच केली आहे, काम नक्की होणार. आमेन!

संडेस्कूल_सर
आशाताई, वचन अनमोल आहे, पण त्याच्या आधीचं वचन गाळून ते कोणाला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

यिर्मया २९ हे यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. दहाव्या वचनात मुदत आहे, ७० वर्षं. पत्र ऐकणारे बहुतेक प्रौढ परत येणार नव्हते. २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तेच हवं होतं. शास्त्र त्याला खोटा ठरवतं. म्हणजे आशेचा शब्द खोटाही असू शकतो, आणि तो बऱ्याचदा खऱ्यापेक्षा गोड असतो.

मग त्या ७० वर्षांत करायचं काय? तेही त्याच पत्रात पाचव्या ते सातव्या वचनांत आहे. घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सोलापुरात बसून पुण्याच्या बदलीची वाट पाहणाऱ्याला याचा सरळ अर्थ असा: भाड्याच्या घरात का होईना, कुंडी लावा. मुलांना इथल्या संडे स्कूलमध्ये घाला, "तिकडं गेल्यावर बघू" नको. वॉर्डातल्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी, शेजाऱ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. आयुष्य पुढे ढकललं की वाट पाहणं दुप्पट जड होतं, हे अनेक घरांतून दिसतं.

आणि यिर्मया ३२ तर आशेचा सगळ्यात ठोस अध्याय. यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः कैदेत, शहर पडणार हे त्यानंच सांगितलेलं. अशा वेळी तो अनाथोथ गावातलं शेत विकत घेतो. १७ शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर सही करतो, एक प्रत मोहरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. शत्रूच्या ताब्यातलं शेत! शेवटी तो देवाला विचारतोही, की हे घ्यायला का सांगितलंस. आधी खतावर सही, मग प्रश्न. वाट पाहणाऱ्या माणसानं महिन्यातून एकदा तरी असं एक लहान काम करावं, ज्याचा उपयोग उत्तर आल्यानंतरच आहे. मूल नसलेलं जोडपं संडे स्कूलच्या पोरांना शिकवू शकतं. नोकरी गेलेला माणूस एक कौशल्य शिकू शकतो. पैसा उधार काढून मात्र नव्हे. यिर्मयानं हातातल्या रुप्यानं व्यवहार केला होता.

आशा_नवी
सर, पटलं. पण मग "नक्की होईल" असं म्हणायचंच नाही का? न म्हणणं म्हणजे अविश्वास नाही का?

संडेस्कूल_सर
नाही. दानीएल ३ मधले, मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून भट्टीत टाकायला काढलेले तिघे राजाला म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. "समर्थ आहे" आणि "नाही तरी" ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात. प्रभू येशूनं गेथशेमाने बागेत तीनदा तीच मागणी केली, मत्तय म्हणतो त्याच शब्दांनी. पौलानं शरीरातल्या त्रासासाठी, ज्याला तो काटा म्हणतो, तीनदा विनवलं, काटा गेला नाही, कृपा मिळाली. म्हणून तीच मागणी पुन्हा पुन्हा करायला लाजू नका, आणि शेवटी "तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हणायला घाबरू नका. ज्याला दोन्ही जड जातं त्यानं मार्क ९ मधल्या आजारी मुलाच्या बापाची प्रार्थना घ्यावी. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव, एवढंच तो म्हणाला, आणि प्रभूनं त्याच्या मुलाला बरं केलं.

मूल नसलेली हन्नाही बघा, १ शमुवेल १. याजक एली आशीर्वाद देतो आणि ती जाऊन जेवते, तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. शमुवेल त्यानंतर होतो. मूल हातात यायच्या आधीच तिला अन्न गोड लागलं.

जपमाळ
कॅथलिक बाजूनं थोडी भर. प्रेषितांची कृत्ये पहिला अध्याय वाचा. प्रभूनं स्वर्गात जाण्याआधी शिष्यांना यरुशलेमेतच थांबायला सांगितलं होतं, किती दिवस ते सांगितलेलं नव्हतं. पुनरुत्थानापासून मोजलं तर स्वर्गारोहण चाळिसाव्या दिवशी, पेन्टेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) पन्नासाव्या. नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, याच मधल्या दिवसांवरून आली. नोव्हेना करताना नऊ दिवसांत काम झालं नाही म्हणून लोक निराश होतात, कारण ती मुदत समजली जाते. ती प्रार्थनेच्या चिकाटीची सवय आहे, देवाला घातलेली तारीख नव्हे.

त्या दिवसांत शिष्य काय करत होते तेही पाहा. सुमारे १२० जण एकत्र होते, मरिया त्यांच्यात होती, एकचित्तानं प्रार्थना चालू होती, आणि प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाची रिकामी जागा भरण्याचं राहिलेलं काम त्यांनी उरकलं. एकट्यानं वाट पाहू नये. आठवड्यातून एकदा दोघं-तिघं मिळून जपमाळेची दुःखाची रहस्यं (प्रभूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवरची प्रार्थना) म्हटली तरी पुष्कळ.

आगमनकाळही याचसाठी आहे, नाताळाआधीचे चार रविवार. हल्ली नवी पेठेत खरेदी आणि केकच्या ऑर्डरीतच तो संपतो. चार मेणबत्त्यांचं चक्र घरी सहज होतं: पितळी ताट, चार मेणबत्त्या, थोडा हिरवा पाला. दर रविवारी जेवणाआधी एक जास्त लावायची आणि यशयातला एक उतारा वाचायचा, ९, ११, ४०, ६१ असा क्रम चालतो. पंखा बंद करा आणि पाला ज्योतीपासून दूर ठेवा, डिसेंबरात तो दोन दिवसांत वाळून कोळ होतो.

लष्कर_युवक
स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी सांगा की. निकालाच्या आदल्या रात्री लोक शास्त्र डोळे मिटून उघडतात आणि बोट पडेल ते वचन उत्तर समजतात. व्हॉट्सॲपवर "तुमच्यासाठी भविष्यवाणी" म्हणून पैसेही मागतात.

संडेस्कूल_सर
पैसे मागितले की विषय संपला, नंबर ब्लॉक करा. पेत्रानं प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये पैशानं दान विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला काय सुनावलं ते वाचा.

बोट ठेवून वचन काढण्यानं उत्तर मिळत नाही, धाकधूक वाढते. पहिलं वचन नकोसं आलं की माणूस दुसऱ्यांदा उघडतो, मग तिसऱ्यांदा. वाट पाहताना घाईनं केलेल्या गोष्टींची किंमत शास्त्रात मोठी आहे. शौल राजानं सात दिवस शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहिली, लोक पांगायला लागले म्हणून स्वतःच यज्ञ केला, आणि त्याच वेळी शमुवेल आला (१ शमुवेल १३). अब्राम हारान सोडताना ७५ वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. मधल्या काळात पत्नीची दासी हागार हिच्याकडून मूल मिळवण्याची वाट काढली, तिचं दुःख तिनं आणि इश्माएलानं सोसलं. दोन्हीकडे कारण एकच, वेळ संपत आल्याची भीती. म्हणून नियम ठेवा: भीतीच्या भरात कर्ज, राजीनामा, लग्नाचा होकार किंवा जमिनीचा व्यवहार नको. निर्णय कागदावर लिहा, तीन दिवस ठेवा, पाळकसाहेब किंवा घरातल्या शहाण्या माणसाला दाखवा. तीन दिवसांनीही तोच बरा वाटला तर पुढं जा.

अभ्यास करणाऱ्यांनी आणखी एक करावं. निकालाची वाट पाहताना पुढच्या परीक्षेचं एक पुस्तक चालू ठेवा, रोज दोन तास. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं जाता तेव्हा दौंडच्या पुढं केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र मराठीत आणलं. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं.

पूर्वभाग_ताई
भेटायला जाणाऱ्यांसाठीही लिहायला हवं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

"देव परीक्षा घेतोय", "काही पाप राहिलंय का बघा", "अमक्याचंही असंच होतं, तो गेला" ही वाक्यं घरीच ठेवून जा. "काही लागलं तर सांगा" याचाही उपयोग नाही, कोणी सांगत नाही. नेमकं विचारा: मंगळवारी डबा आणू का? पोरांना शाळेतून मी घेऊन येते. बार्शीला तपासणीला जाताना कोण सोबत आहे? पाणी येणार त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात असाल तर चावी द्या, मी भरून ठेवते. अर्ध्या तासात उठायचं. प्रार्थना दोन मिनिटांची, त्यांच्याच शब्दांतली, आधी विचारून की काय मागू. आणि घरात ऐकलेलं मंडळीच्या ग्रुपवर "प्रार्थनेचा विषय" म्हणून टाकायचं नाही, त्यांनी होकार दिल्याशिवाय. विश्वास तुटतो तो बहुतेक इथं.

जुळे_सोलापूर
एक प्रश्न राहतोच. उत्तर वाईट आलं तर? त्या रात्री काय वाचायचं?

स्तोत्रवाचक
त्या रात्री फार वाचायचं नाही. योहान ११, वचन १७ ते ३६. मार्था आणि मरिया यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही प्रभू दोन दिवस जिथं होता तिथंच राहिला हे त्याच अध्यायात आधी येतं, ते लपवलेलं नाही. लाजर गेल्यावर दोघी बहिणी एकच तक्रार करतात, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभू कोणालाच गप्प करत नाही. मार्थेशी पुनरुत्थानाचं बोलतो, मरियेजवळ रडतो. घरातल्या कोणाला बोलायचं असतं, कोणाला रडायचं असतं, दोघांनाही जागा आहे. वाचणारा एक, बाकीच्यांनी ऐकायचं. जमलं नाही तर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ पुरे, ती वधस्तंभावरून प्रभूनं स्वतः म्हटली: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

रिपोर्ट नकोसा आला म्हणजे विश्वास कमी पडला, असं त्या रात्री कोणीही कोणाला म्हणू नये. पेत्र पहिल्या पत्रात ज्या जिवंत आशेबद्दल लिहितो ती येशूच्या मेलेल्यांतून उठण्यावर उभी आहे, लॅबच्या कागदावर नव्हे. पण हे समजावून सांगायची वेळ ती रात्र नव्हे. चौथ्या-पाचव्या दिवशी, विचारलं तर.

दवाखाना_ड्यूटी
स्तोत्रवाचक सरांच्या सगळ्याला अनुमोदन. माझ्याकडून एवढंच: त्या रात्री इंटरनेटवर आजाराचं नाव टाकून शोधू नका आणि कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. थोडं जेवा, वरण-भात का होईना. पेशंटला एकटं झोपू देऊ नका. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या फाइली एका पिशवीत, जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून. बरोबर दुसरं माणूस हवंच, कारण घाबरलेल्याला पहिल्या भेटीत सांगितलेलं फारसं लक्षात राहत नाही. प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहा आणि उत्तरं त्या दुसऱ्या माणसाला लिहून घ्यायला सांगा.